कडेची रेष

कडेच्या रेषेवरची फक्की चिमूटभर उडाली आणि निळ्या संघाच्या कर्णधार मुलीच्या बुटाला चिकटली. पाय रेषेला लागला, म्हणजे बाहेर पडला होता. पलीकडून शरयूने तो पाहिला, पण ती रेष दिगंबररावांची होती, आणि दुसऱ्याच्या रेषेवर शिट्टी वाजवायची नाही, हा या पंच नवराबायकोचा जुना शिरस्ता. ती त्यांच्या शिट्टीची वाट बघत राहिली. तेवढ्यात मुलीने चेंडू बास्केटमध्ये टाकला आणि भोंगा वाजला. निळ्यांनी एका गुणाने फायनल मारली, असंच सगळ्यांना वाटलं.

“पंच, चष्मा घरी विसरलात का?” लाल संघाचे पाठीराखे ओरडले. चष्मा दिगंबररावांच्या नाकावरच होता.

शरयू त्यांच्याजवळ गेली. मैदानावर ती त्यांना कटाक्षाने ‘सर’ म्हणे. आज म्हणाली, “अहो, पाय रेषेवर होता.”

“तुला तिथून दिसला?”

“हो. तुम्हाला?”

दोन वर्षं ते घरी ‘माझे डोळे ठणठणीत आहेत’ असंच म्हणत आले होते. आता त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा रेषेकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. मग गुणलेखकाच्या टेबलापाशी जाऊन ते मोठ्याने म्हणाले, “बास्केट रद्द. पाय बाहेर होता. मला दिसला नाही, मॅडमना दिसला.”

लाल संघ नाचू लागला. निळ्या कर्णधाराने खाली वाकून बुटावरची फक्की गुपचूप झटकली.

दिगंबरराव शरयूकडे वळले. “डॉक्टरांना फोन कर. मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारीच करून टाकू.”