दोघांत एक लाइफ

पूल कोसळला आणि दोन्ही सैनिक पुन्हा नदीत पडले.

"तू घाई केलीस," धाकटा म्हणाला.

"तू पेंगत होतास," थोरली म्हणाली आणि बटण दाबून खेळ परत पहिल्यापासून लावला.

खरं तर दोघं बसली होती सामान बांधायला. आईचं कपाट, शिलाई मशीन, गाद्या, सगळं धाकट्याच्या घरी जायचं होतं आणि टेम्पोवाला खाली ताटकळत होता. माळ्यावरच्या शेवटच्या खोक्यात हा जुना व्हिडिओ गेम निघाला. धाकट्याने सवयीने कॅसेटमध्ये फुंकर मारली, थोरलीने वायरी टीव्हीला जोडल्या, बिगूल वाजला, आणि बांधाबांध तिथेच राहिली.

लाल सैनिक धाकट्याचा, निळा तिचा. डावीकडून उजवीकडे पळत सुटायचं, समोर येईल त्याला उडवायचं. या खेळाला दयामाया ठाऊक नव्हती. एक गोळी लागली की एक लाइफ खल्लास, मग ती झाडामागून येवो नाहीतर आभाळातून. पण डोक्यातून गेलेलं हातांत शिल्लक होतं. धाकट्याचा सुतारकामाने राठ झालेला अंगठा आपणहून उडी मारत होता. पुढच्या खेपेला पूल मागे पडला. जंगलही मागे पडलं. थोरलीच्या छातीत धडधडायला लागलं. बंदरावर उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून ती दिवसभर कंटेनर उचलायची, तेव्हा कधी असं धडधडलं नव्हतं.

मग चिलखती आगगाडी आली. लहानपणी त्यांची गाडी इथेच अडायची. तिथवर पोचेपर्यंत धाकट्याच्या सगळ्या लाइफ उडालेल्या असत. खेळात सोय होती, आपल्या संपल्या की बटण दाबून जोडीदाराची उचलायची. तो बिनदिक्कत उचलायचा. मग दोघंही मरायची.

आजही लाल सैनिक गाडीखाली आला. संपला.

"ताई, एक घेतो," धाकटा म्हणाला. त्याचा अंगठा बटणावर होता.

"नको घेऊस."

"अगं, तुझ्याकडे एक जादा आहे ना?"

"आहे. मला लागेल ती."

आई मागे चादरीत भांडी बांधत होती. टीव्हीकडे न बघताच ती म्हणाली, "दे गं त्याला एक जीव. लहान आहे तो."

लहान असलेल्याच्या डोक्यावर आता मोजून काढता येतील एवढेच केस होते. थोरलीने नजर पडद्यावरून हलवली नाही.

"नाही, आई."

थोरलीचा असा सरळ नकार या घरात दुसऱ्यांदा ऐकू येत होता. पहिला गेल्या महिन्यातला. लांबच्या मोठ्या बंदरावरची नोकरी तिने घेतली, तेव्हा धाकट्याने विचारलं होतं, "मग आईला कोण बघणार?" ती म्हणाली होती, "तू." तेव्हापासून तो तिच्याशी कामापुरतंच बोलत होता.

धाकट्याने बटणावरचा अंगठा काढला. हातातला रिमोट जमिनीवर ठेवला आणि मांडी घालून बसला.

थोरली एकटीच भिडली. वाकली, उठली, दोन डब्यांच्या मधल्या फटीत शिरली. एक लाइफ तिथे गेली. आता शेवटची. धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, "छताकडे बघ, छताकडे." तिने वर गोळ्या झाडल्या. आगगाडी डब्यामागून डबा पेटत गेली आणि पडदा पुढे सरकला.

पुढे बर्फ होता. सगळीकडे पांढराशुभ्र, मऊ, निळसर सावल्यांचा बर्फ. इतकी वर्षं त्या कॅसेटमध्ये तो पडून होता आणि दोघांना पत्ताच नव्हता.

"बर्फ आहे ताई," धाकटा हलक्या आवाजात म्हणाला, जणू जोरात बोललं तर वितळेल.

आई चादरीची गाठ तशीच सोडून पुढे येऊन बसली. खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. धाकट्याने खिडकी लावून घेतली.

शेवटी एक किल्ला आणि साखळीला टांगलेली तोफ. तोफ झोके घेत गोळे ओकत होती. टांगलेलं वजन हा थोरलीचा रोजचा विषय. झोका अर्ध्यात असताना त्याच्या वाटेला जायचं नाही, टोकाला जाऊन तो क्षणभर थांबतो तेव्हा घुसायचं. ती थांबली. घुसली. पुन्हा थांबली. धाकटा तिच्या प्रत्येक उडीबरोबर गुडघ्यांवर उठत होता आणि आईने त्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

साखळी तुटली. तोफ खाली आली, तिच्यामागून अख्खा किल्ला आला. थोरलीने रिमोट सोडला. धाकट्याने तिच्या पाठीवर अशी थाप मारली की तिला ठसका लागला, आणि ठसक्यातच ती हसत सुटली.

पडद्यावर समुद्र उजाडला. काठाला एक होडी लागली. निळा सैनिक तिच्यात चढला, हेल्मेट काढून मांडीवर घेतलं, आणि होडी हळूहळू किनाऱ्यापासून सुटली.

आई बराच वेळ बघत राहिली.

"एकटाच निघाला की गं तो," ती म्हणाली.

"तो नाही, आई," धाकटा म्हणाला. "ती."