अर्धी वाटी तांदूळ
कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी चारशे माणसांचा भात डोळे झाकून लावायचो; मीठ कधी चुकलं नाही. बायको सोडून गेली आणि महिन्याभरात कारखान्यालाही टाळं लागलं. मग पहिल्यांदाच घरचा गॅस पेटवला. हाताच्या सवयीने सगळ्यात मोठं पातेलं काढलं. त्याच्यावरचं लेबलही निघालं नव्हतं. भात तीन दिवस पुरला, उरलेला चौथ्या दिवशी आंबला. शेवटी लाज सोडून तिलाच फोन लावला. “एका माणसाला तांदूळ किती घ्यायचे गं?” वाटलं, ती हसेल. “अर्धी वाटी,” लगेच उत्तर आलं. “ओट्याखालच्या छोट्या पातेल्यात लाव.” “तुला बरं एकाचं माप तोंडपाठ!” “तू दोन्ही वेळा कॅन्टीनमध्येच जेवून यायचास. अकरा वर्षं मी एकटीपुरताच तर लावत होते.” मी ओट्याखाली वाकलो. एवढंसं पातेलं, घासून घासून पातळ झालेलं. घरात झिजलेलं भांडं तेवढं एकच होतं.