नकारार्थी वाक्य

“टेक,” मिस हॅरिस म्हणाल्या. “डिड नॉट टेक. टुक नाही, भिमाबाई. किती वेळा सांगायचं?”

भिमाबाई डॉक्टरांच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभी होती. दवाखान्याच्या कपाटातून हिवतापावरच्या क्विनीनच्या गोळ्यांचा डबा नाहीसा झाला होता. तो तिनेच नेला, असं सगळे धरून चालले होते. ‘आय डिड नॉट टुक’ असं तिने जीव एकवटून सांगितलं होतं. चोरीचा आळ राहिला बाजूला, बाईंना तिचं क्रियापद खटकलं होतं.

डॉक्टर रेगे हसले. मिस हॅरिसकडे बघून इंग्रजीत काहीतरी बोलले. बाईही ओशाळून हसल्या.

भिमाबाई हरसूलकडच्या डोंगरातली. नवरा गेल्यावर नाशिकला आली आणि गंगापूरच्या रस्त्यावरच्या या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डाची झाडलोट करू लागली. मिस हॅरिस तिथल्या मुख्य नर्स. कामगार बायकांना इंग्रजी यावं असा त्यांनी ध्यास घेतला होता. दुपारी वॉर्ड निजला की त्या सगळ्यांना व्हरांड्यात बसवत. पुस्तक नसे. वाक्यं वॉर्डातलीच. मी चादर धुते, मी चादर धुतली, मी चादर धुतली नाही. एकेकीने उभं राहून म्हणायचं.

भिमाबाईला सगळं जमे, एवढं शेवटचं सोडून. गोष्ट घडून गेली, मग ‘टुक’चं पुन्हा ‘टेक’ का व्हावं? मिस हॅरिसनी समजावलं होतं, “काळाचं ओझं ‘डिड’ने उचललं. पुढच्या शब्दाने परत कशाला उचलायचं?” हे तिला पटलं होतं. जिभेवर मात्र बसत नव्हतं. बसलं तर तिला नर्सच्या हाताखाली घेऊ, असं बाई म्हणाल्या होत्या. तेव्हापासून ती फरशी पुसतानाही वाक्यं पुटपुटायची.

आज डॉक्टरांनी मराठीतच विचारलं होतं. तरी तिने इंग्रजीत उत्तर दिलं. त्या भाषेत बोललेलं खरं मानतात, असं तिला वाटलं होतं.

संशयाला कारण होतं. गेल्या आठवड्यात तिचा भाऊ बुधा फाटकाशी येऊन गेला. त्याची दोन्ही पोरं हिवतापाने फणफणत होती. जाताना त्याच्या काखोटीला गाठोडं होतं. भिमाबाईने मिस हॅरिसकडे गोळ्या मागितल्या होत्या. चोरून नाही, चारचौघींसमोर. बाई म्हणाल्या होत्या, “गोळ्या इथल्या रोग्यांसाठी आहेत. वाटत सुटायला नाहीत.” बुधा जुनी लुगडी घेऊन परत गेला. पोरांना पांघरायला.

“परत म्हण,” मिस हॅरिस म्हणाल्या.

भिमाबाई एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “आय डिड नॉट टेक.”

“आता बरोबर,” डॉक्टर म्हणाले.

तिचा श्वास मोकळा झाला. पदराने तिने कपाळ पुसलं. पण डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली आणि सांगितलं, “उद्यापासून येऊ नकोस. पोलिसांत देत नाही, हे उपकार समज.”

बरोबर होतं ते नुसतं वाक्य.

भिमाबाईच्या अंगाची लाही झाली. इतके महिने या बाईने आम्हाला बोलायला शिकवलं. कशाला? बोललं की चुका काढायला? माझ्या शब्दाला उजळणीपलीकडे काही किंमतच नाही? शेजारी तिच्यासोबत वॉर्डात काम करणाऱ्या मेहरुन्निसा आणि झुंबरबाई खाली माना घालून उभ्या होत्या. त्यांनाही मघाशी असंच एकेक करून विचारलं होतं. त्यांनीही तेच वाक्य म्हटलं होतं. मिस हॅरिस तेवढ्या डॉक्टरांशेजारी खुर्चीवर होत्या.

“डाक्टरसायेब,” भिमाबाई आपल्या बोलीत म्हणाली, “कपाटाच्या किल्लीला ज्यांचा ज्यांचा हात लागतो, त्या समद्यांनी म्हणायचं, असं तुमीच सांगितलं ना?”

“मग?”

“आमी तिघींनी म्हनलं. मिसबाईंचं राह्यलं.”

मेहरुन्निसाने तिचा पदर ओढला. “चूप बस गं,” ती कुजबुजली.

“नाय बसायची. नोकरी तर गेलीच हाय.” भिमाबाईचा आवाज चढला नव्हता, पण हातांच्या मुठी वळल्या होत्या. “वर्गात कोनाला सूट नव्हती. हितं का?”

“जीभ फार चालायला लागली तुझी,” डॉक्टर म्हणाले. मग मिस हॅरिसकडे वळून त्यांनी दिलगिरीच्या सुरात, बायकांनाही कळावं म्हणून मराठीतच म्हटलं, “म्हणून टाका बाई. तुमच्या तोंडून शुद्ध तरी ऐकायला मिळेल यांना. आणि ही कटकट मिटेल.”

मिस हॅरिस हसत उठल्या. वर्गात उभ्या राहायच्या तशा ताठ उभ्या राहिल्या.

“आय डिड,” त्यांनी सुरुवात केली.

मग थांबल्या. भिमाबाई त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होती. मिस हॅरिसचं हसू विरलं. गळ्यापासून कानांपर्यंत चेहरा लाल झाला. त्यांनी टेबलाच्या कडेचा आधार घेतला. डॉक्टर आधी वाट बघत राहिले, मग त्यांनीच नजर दुसरीकडे वळवली.

“आय टुक इट,” मिस हॅरिस म्हणाल्या. आणि मग मराठीत, भिमाबाईकडे न बघता, “देवळालीला माझ्या मैत्रिणीची मुलं तापाने आजारी होती.”