उपटलेल्या दाढेचा एक्स-रे

"हा जुना फोटो आहे!" मी टेक्निशियनवर खेकसलो. "काकूंची ही दाढ मी माझ्या हाताने उपटलीय. आता तिथे नकली दाताचा स्क्रू बसवायचाय, आणि तू मला दाढ दाखवतोस?"

"आत्ताच काढलाय, डॉक्टर."

"मग माझे डोळे फुटलेत का?"

खुर्चीतल्या काकूंना मी आ करायला लावलं. दाढेच्या जागी नुसती गुलाबी हिरडी होती. मी तिच्यावर स्टीलची बारीक गोळी मेणाने चिकटवली. एक्स-रेत तिच्या मापावरून हाडाची उंची कळते, आणि आज तर फोटो ताजा असल्याचा पुरावाच मिळणार होता. आता कुणाची थाप चालणार नव्हती. बटण मी स्वतः दाबलं.

पडद्यावर गोळी आली. तिच्याखाली दाढही आली, मुळांसकट. मघाच्या फोटोपेक्षा ती वर सरकली होती.

माझं डोकंच फिरलं. "भंगारात घाला हे मशीन!" म्हणत मी गोळी काढायला काकूंच्या तोंडात बोट घातलं.

कळ थेट खांद्यापर्यंत गेली. "चावताय काय, काकू? सोडा! आ करा!"

काकूंनी आ केलेलाच होता. आत गुलाबी हिरडी स्वच्छ दिसत होती. बोट सुटत नव्हतं.