दाराची नोंद

सदर भागातल्या ऑफिसात जितेंद्रचं कामच ते. स्क्रीनवर चौकोनी डबे मांडायचे, रेघांच्या तारांनी ते जोडायचे आणि एकाच यंत्राचे लॉग, म्हणजे नोंदी, चार ठिकाणी पोचवायचे. रोज फोन करणं जमत नव्हतं, म्हणून रामटेकला एकट्या राहणाऱ्या आईच्या दारालाही त्यानं सेन्सर लावला. दार उघडलं की नोंद त्याच्या फोनवर, पुण्याला असलेल्या बहिणीच्या, काजलच्या फोनवर आणि एका फाइलमध्ये जायची.

आधी दिवसाला पाच-सहा नोंदी यायच्या. दिवाळीची सुट्टी संपून दोघं आईकडून परतले आणि चाळीस-पन्नास यायला लागल्या.

"दादा, मीटिंगमध्ये सारखा फोन वाजून राहिला. सेन्सर बिघडला वाटते," काजल म्हणाली.

जितेंद्रनं स्क्रीनवरच्या, दोघांच्या फोनकडे जाणाऱ्या दोन्ही तारा काढून टाकल्या. फाइलची तेवढी ठेवली. ती फाइल कोणीच उघडत नसे.

महिन्याभरानं तो नवा सेन्सर घेऊन गेला. जुना काढायला लागला, तसा आईनं त्याचा हात धरला.


"काहून काढून राहिला गा? बिघडलं नाही ते. तुमची आठवण आली का मीच दार उघडतो. दोघांच्याही फोनवर जाते न?"