आठ दिवसांचा बेत

चादर पुन्हा मधोमध लोंबली. ताईने तिसरी खुर्ची आणून मध्ये घातली, चार चिमटे लावले आणि मागे सरकून पाहिलं. आता कुठे तो तंबू वाटायला लागला. गेल्या वर्षी भाच्याचे पाय गुडघ्यापासून बाहेर आले होते, त्याला काय करावं ते मात्र सुचेना.

परवा धाकट्या बहिणीची मुलं सुट्टीला यायची होती. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. वर्षभर एक रजा नाही, अंगात ताप असला तरी नाही, आणि शाळांना सुट्टी लागली की सलग आठ दिवस. मालकानेही आता विचारणं सोडलं होतं.

कागदावर बेत तयार होता. सोमवारी तळ्यात होडी. मंगळवारी मातीची जनावरं. बुधवारी भाड्याच्या सायकली. गुरुवारी पाऊस आला तर मोज्यांच्या बाहुल्या, नाही आला तर टेकडी. शुक्रवार तिने मुद्दाम रिकामा ठेवला होता. त्या दिवशी मुलं म्हणतील ते. पुढचे दिवस कागदाच्या मागच्या बाजूला लिहिले होते.

फोन वाजला. धाकटी होती.

"ताई, रागावू नकोस. मुलं नाही येत यंदा. पोरीचे क्लास लागलेत, पोरगा टीममध्ये निवडला गेलाय. दोघंही कालपासून एकमेकांना म्हणतायत, तू सांग, तू सांग. शेवटी मीच फोन केला."

"अगं, रागवायचं काय त्यात? मोठी झाली आता," ताई म्हणाली. एका हाताने ती चादरीचे चिमटे काढत होती. "तसा मी काही फार बेत केलाच नव्हता."

मग धाकटी म्हणाली, "मी येऊ का?"

"तू? कशाला?"

ताईला खरंच कळेना. दरवर्षी धाकटी मुलांना दारात सोडायची, पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायची आणि आल्या पावली परत फिरायची. दोन खोल्यांत हिचा जीव घुसमटत असेल, अशी ताईने स्वतःची समजूत घातली होती. वाईट वाटायचं, पण बोलून दाखवलं नव्हतं. आई गेली तेव्हा ताई चौदाची होती, धाकटी सहाची. स्वयंपाक, धुणं, वेणीफणी, पाढे, सगळं ताईनेच केलं. त्यापायी लग्नही राहून गेलं. पोरीला काही कमी पडू दिलं नाही, असं लोक अजून म्हणत, आणि ताईलाही तसंच वाटे.

"मुलं घरी आली की मी त्यांना खोदून खोदून विचारते," धाकटी सांगत होती. "मावशीने काय केलं, कुठे नेलं, किती हसली. मावशी तंबूत आमच्याजवळ झोपते म्हणाली पोरगी, तर मला खरंच वाटेना. म्हणून मी आत येत नव्हते गं. आले असते तर परत जाववलं नसतं. माझं सगळं केलंस तू, ताई. माझ्याशी कधी खेळली मात्र नाहीस."

ताई खुर्चीवर टेकली. वेळच कुठे होता, असं ती म्हणणार होती. पण ते दोघींनाही ठाऊक होतं.

"ये," ती म्हणाली. तिने आवाज चढवला, पूर्वी वेणी घालताना चढवायची तसा. "पण आलीस तर पुरते आठ दिवस राहायचं. दोन दिवसांत घरची आठवण येते म्हणून रडायला लागलीस, तर सोडणार नाही मी."

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "घरचीच तर येतेय गं आठवण. इतकी वर्षं."