तेरावी पोच

हिमसरोवर फुटायला आलं होतं आणि बारा गावांना धाडलेले इशारे पूरकेंद्राच्या यंत्रातच अडकले होते. “राउशान, तुझ्या आईच्या गावानं सगळं तुंबवलंय,” केंद्रप्रमुख एर्मेकआगा ओरडले. “जुनं वाचल्याशिवाय नवं घेत नाही, आणि बाकीची गावं त्याच्यामागं रांगेत. तोड त्याला!” ते गाव तीन वर्षांपूर्वी पुरात आईसकट वाहून गेलं होतं, तरी यादीतून नाव काढायला राउशानचा हात धजला नव्हता. तिनं त्या गावाच्या संदेशांचा साठा उघडला. अजूनही दरमहा एक संदेश तिथं कुणीतरी वाचत होतं, आई वाचायची तसंच रेंगाळत. त्या रेंगाळण्यापायीच तेव्हा आईकडून पुराचा इशारा वाचायचा राहिला होता. आता तोच जुना इशारा तिथल्या न वाचलेल्यांत पहिला होता. “आगा, एकच मिनिट!” “बारा गावं जिवंत आहेत, पोरी!” डोळे मिटून तिनं आईचं गाव तोडलं. बाराही गावांची पोच खणखणत आली. मागोमाग तेरावी, तोडलेल्या गावाहून: ‘मिळाला. चढतेय डोंगर. चहा प्यायलीस का?’